तुसाची गादी न घालता कोंबडीपालन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गादी म्हणजे शेडच्या जमिनीवर पसरलेला भाताच्या तुसाचा थर. तिच्याविषयीचे खालचे प्रश्न दोन प्रकारच्या लोकांकडून येतात. काही जण शेड बांधायला निघालेले असतात, तर काही जण शेड बांधून झाल्यावर माश्यांनी हैराण झालेले असतात. उत्तरं आपल्याकडच्या उघड्या बाजूंच्या, जाळी मारलेल्या शेडला धरून दिली आहेत. पंखे आणि कूलिंग पॅड लावलेल्या बंद शेडचं गणित वेगळं असतं, ते इथे घेतलेलं नाही.

गादीशिवाय कोंबड्या पाळायच्या म्हणजे पिंजरेच का?

पिंजरा हा त्यातला एक मार्ग. दुसरा मचाणाचा: जमिनीपासून उंचावर लाकडाच्या, बांबूच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवायच्या आणि पक्षी त्यावर मोकळे सोडायचे. पट्ट्यांऐवजी तारेची जाळी ताणली की तिसरा प्रकार झाला. विष्ठा पक्ष्याच्या पायाखाली न राहता खाली पडून गेली पाहिजे, एवढंच सूत्र तिन्हींत आहे.

मांसल जातींच्या ब्रीडर फार्मवर (जिथे पिल्लं काढायची अंडी घेतात) अर्धामुर्धा प्रकारही दिसतो. तिथे साधारण दोन तृतीयांश जागेत पट्ट्या असतात आणि उरलेल्या जागेत तूस. पाणी आणि खाद्य पट्ट्यांवर ठेवल्यामुळे बरीचशी विष्ठा तिथेच पडते आणि तूस कोरडं राहतं. आणि ही काही परदेशातून आलेली कल्पना नाही. चार खांबांवर उचललेलं बांबूचं खुराडं आपल्या खेड्यापाड्यांत पूर्वीपासून आहे: कोंबड्या वर, घाण खाली आणि मुंगूस बाहेर.

तूस मिळतं. मग कशाला सोडायचं?

मिळत असेल आणि ब्रॉयलर (मांसासाठीच्या कोंबड्या) करत असाल तर सोडू नका. भंडारा-गोंदियाकडे भातगिरण्या जवळ आहेत, तिथे गादीसारखी सोपी पद्धत दुसरी नाही.

तूस लांबून आणावं लागलं की मालापेक्षा गाडीभाडं जास्त पडतं, शिवाय वीटभट्टीवाले आणि बॉयलरवालेही तेच तूस उचलतात. कोकणात अडचण वेगळी आहे. तिथे जून ते सप्टेंबर हवेतच इतकी ओल असते की पाणी न सांडताही गादी ढेप धरते. अंड्यावरच्या कोंबडीचा प्रश्न याहून निराळा. ती शेडमध्ये ७२ ते ८० आठवडे राहते, तेवढा काळ गादी हलवत राहणं आणि रोज मळलेली अंडी पुसत बसणं परवडत नाही. म्हणून आपल्याकडचे बहुतेक व्यापारी लेअर (अंड्यावरच्या कोंबड्यांचे) फार्म पिंजऱ्यावर गेले.

गादी काढली तर जातं काय?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. खरं तर सगळ्यात आधी हाच विचारायला हवा.

गादी एकाच वेळी बरीच कामं करते. विष्ठेतली ओल शोषते. खालची थंडी अडवते. पाय आणि छातीला मऊ आधार देते. कोंबडीला उकरायला आणि अंगावर धूळ घ्यायला जागा देते. वर, नीट हलवली तर विष्ठा जागच्या जागी कुजवून खत करते. तूस काढलं की यातलं एकेक काम तुमच्या अंगावर येतं: ओलीसाठी निपल (चोच लावली की पाणी देणारी छोटी तोटी) आणि खालचा खड्डा, थंडीसाठी पडदे, पायांसाठी योग्य जाळी, धुळीऐवजी उवांवरचं औषध, आणि विष्ठेसाठी माणूस. गडी कमी लागतो म्हणून पिंजरा घेतला, आणि पुढे शेडखाली (उंचावरच्या पिंजऱ्यांखालच्या जागेत, जिथे विष्ठा साठते) उतरायला कुणी तयार होत नाही, असं झालेलं पुष्कळदा पाहिलं आहे. खर्चाचा हिशेब मांडताना शेडखालच्या कामाची मजुरी धरा.

पिंजऱ्यात किती कोंबड्या ठेवायच्या?

जुन्या हिशेबाने १५ इंच रुंद आणि १८ इंच खोल पिंजऱ्यात ४ कोंबड्या बसवत. म्हणजे प्रत्येकीला साधारण ४३५ चौरस सेंटिमीटर. केंद्र सरकारने २०२३ मध्ये अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नियम काढले, त्यात किमान जागा ५५० चौरस सेंटिमीटर ठरली आहे. त्याच पिंजऱ्यात ३ कोंबड्या ठेवल्या की प्रत्येकीला ५८० मिळतात, नियमात बसतं. चौथी घातली की बसत नाही. नवीन फार्मना हा नियम १ जानेवारी २०२४ पासून आहे, जुन्यांना १ जानेवारी २०२९ पर्यंत मुदत आहे.

तेव्हा जुने पिंजरे कुणी स्वस्तात देऊ लागला तर टेप लावून मोजा. ‘१०,००० पक्ष्यांचा सेट’ म्हणून विकत घेतलेला माल नव्या हिशेबाने ७,५०० चाच निघू शकतो.

जागेखेरीज दोन गोष्टी बघा. खाद्याच्या पन्हळीची लांबी प्रत्येक पक्ष्याला किमान १० सेंटिमीटर मिळावी, म्हणजे सगळ्या एकदम खाऊ शकतात. नाहीतर दुबळी कोंबडी उरलंसुरलं खाते आणि मागे पडते. आणि प्रत्येक पिंजऱ्यात दोन निपलांपर्यंत चोच पोहोचायला हवी. एक निपल तुंबला तर उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत अख्खा पिंजरा आडवा झालेला असतो.

ब्रॉयलर जाळीवर वाढवता येतील का?

वाढतात. चीनमध्ये ब्रॉयलरही मोठ्या प्रमाणावर पिंजऱ्यात वाढवतात. पण तिथे मऊ प्लॅस्टिकची जमीन, नियंत्रित हवामान आणि विष्ठा वाहून नेणारे पट्टे असतात. साध्या तारेच्या जाळीवर दोन किलोचा पक्षी बसून राहिला की छातीवर फोड येतात, पाय लंगडतात, आणि माल पकडताना पंख मोडतात. असा पक्षी व्यापारी बाजूला काढतो. कंपनीच्या करारावर ब्रॉयलर करत असाल तर आधी सुपरवायझरला विचारा, बहुतेकांना गादीच हवी असते.

गावरान, गिरिराज, वनराज, कडकनाथ?

पिंजऱ्यात नको. गिरिराज-वनराज अंगाने जड, तारेवर पाय खराब होतात. गावरान कोंबडी चपळ असते, पिंजऱ्यात ती धडका घेते, आणि खुडूक बसायची तिची सवय तिथेही जात नाही. शिवाय गावरान अंड्याला जो जास्तीचा भाव मिळतो तो ती मोकळी फिरते म्हणूनच. तिला कोंडून तोच भाव मागायचा, हे गिऱ्हाईक फार दिवस चालवून घेत नाही.

यांच्यासाठी मचाण उत्तम: रात्री पट्ट्यांवर, दिवसा आवारात. बसायला आडव्या काठ्या आणि अंड्यासाठी थोडं गवत घातलेली खोकी मात्र द्या. गादी नाही म्हणजे खोक्यातही काही नको, असं काही जण समजतात. तसं केलं की कोंबडी कोपऱ्यात पट्ट्यांवरच अंडं घालते आणि ते तडकतं.

जाळी आणि पट्ट्या कशा निवडायच्या?

मोठ्या पक्ष्यांच्या जमिनीला १ इंच बाय १ इंच, किंवा १ बाय २ इंच घराची, जस्ताचा मुलामा दिलेली वेल्ड जाळी. तार १४ गेजपेक्षा बारीक नको, नाहीतर मध्येच झोळ पडतो आणि सगळे पक्षी त्या झोळात येऊन बसतात. पिल्लांना अर्ध्या इंचाचं घर.

नवी जाळी बसवल्यावर एक काम कराच. जुनं सुती फडकं हातात घेऊन जाळीवरून सगळीकडे फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे जस्ताचा कण किंवा तारेचं टोक वर आलेलं असतं. तिथे कानस मारा. तळपायाला एक बारीक चिरा पडला की त्यातून जंतू शिरतात आणि पायाला टणक गाठ येते. तशी कोंबडी नीट उभी राहत नाही, खाद्यावर येत नाही, आणि मग अंडी का घटली ते कळत नाही.

पट्ट्या वापरणार असाल तर वरची रुंदी एक ते दोन इंच, फट एक इंच, आणि कडा गोल केलेल्या हव्यात. बांबूच्या कामट्या स्वस्त पडतात, पण पाठीचा गुळगुळीत भाग वर ठेवा आणि गाठी तासून घ्या. पट्ट्या उचलता येतील अशा चौकटींत बसवा. खाली जाऊन साफ करायची वेळ येईल तेव्हा हे पटेल.

पिल्लं पहिल्या दिवसापासून जाळीवर ठेवली तर?

चालतं, पण पहिला आठवडा जाळीवर कागद पसरा. जुनी वर्तमानपत्रं थर देऊन घाला आणि रोज वरचा थर काढत जा. कागदामुळे पाय अडकत नाही, खालून वारा लागत नाही, आणि त्यावर टाकलेला मक्याचा भरडा टोचत पिल्लं खायला शिकतात. ब्रूडरखाली (पिल्लांना उब देणाऱ्या साधनाखाली) पहिल्या आठवड्यात ९५ अंश फॅरनहाइट, पुढे दर आठवड्याला ५ अंश कमी.

गादीवरच्या ब्रूडिंगपेक्षा इथे उब जास्त सांभाळावी लागते, कारण थंडी खालून येते. शेडच्या वरच्या बाजूचे पडदे पाडतात आणि खालचा भाग उघडाच ठेवतात. डिसेंबरच्या रात्री पिल्लं एकावर एक चढून दबून मरतात ती यामुळे. पहिले दोन-तीन आठवडे खालचा भागही गोणपाटाने बंद करा, वायूसाठी वरून थोडी फट ठेवा.

जाळीवर कॉक्सी होत नाही म्हणतात, खरं का?

बव्हंशी खरं. कॉक्सी म्हणजे रक्ती हगवण. तिच्या जंतूंची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ओल, उब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती रोग करण्याच्या अवस्थेत येतात आणि मग पक्ष्याच्या पोटात जावी लागतात. विष्ठा खाली पडून गेली की ही साखळी तुटते. जंतांचंही तसंच.

पण इथे एक खाच आहे. जाळीवर वाढलेल्या तलंगेला (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीला) कॉक्सीची तोंडओळखच नसते, त्यामुळे प्रतिकारशक्तीही नसते. अशा तलंगा विकत घेऊन गादीवर किंवा आवारात सोडल्या की दहा-बारा दिवसांत रक्त पडायला लागतं. घेताना विचारा: पिंजऱ्यातल्या की गादीवरच्या? राणीखेत, गंबोरो, मरेक्स, देवी यांच्या लसी मात्र जाळी असो वा तूस, चुकवायच्या नाहीत. ते रोग जमिनीवर अवलंबून नाहीत. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या अंड्यांच्या फार्मवर सापडला होता, हेही लक्षात असू द्या.

माश्या! काय करायचं?

माशी विष्ठेत होत नाही, ओल्या विष्ठेत होते. ताज्या विष्ठेत तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, आणि उन्हाळ्यात अंड्यापासून उडणारी माशी तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे ढीग आठवडाभरात सुकला तर पिढी पुरी होत नाही.

शेडखाली उतरा आणि ढिगांकडे नीट बघा. सगळं ठीक असेल तर पिंजऱ्याच्या रांगेखाली धान्याच्या राशीसारखे टोकदार, वरून भुरकट ढीग दिसतात. मध्येच एखादा ढीग चपटा, काळपट आणि चकाकणारा दिसला की मान वर करा: बरोबर त्याच्या वर गळका निपल सापडतो. काठीने उकरलं की पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतील. औषध फवारण्याआधी तो निपल बदला आणि ओला भाग तेवढा फावड्याने उचलून बाहेर उन्हात पसरा. निम्म्याहून अधिक तक्रारी एवढ्यावर मिटतात.

उरलेल्यांसाठी:

पावसाचं पाणी शेडखाली शिरू देऊ नका. शेडखालची जमीन आजूबाजूपेक्षा फूटभर उंच आणि पागोळ्या लांब पडतील एवढी पत्र्याची बाहेरची झेप, हे बांधतानाच करायचं असतं.

विष्ठा पातळ असेल तर खाद्यातलं मीठ आणि पाण्याचा क्षार तपासा. विहिरीचं पाणी खारं असेल तर कितीही निपल बदलले तरी ढीग सुकत नाहीत.

सगळ्या ढिगांवर कीटकनाशक मारू नका. जुन्या कोरड्या विष्ठेत माशीच्या अळ्या खाणारे भुंगे आणि बारीक किडे असतात, फवारणीने आधी तेच मरतात. माशी महिन्याभरात परत येते, ते येत नाहीत. फवारा भिंतींवर आणि खांबांवर, जिथे माश्या रात्री बसतात तिथे. खाद्यातून द्यायचं अळीनाशक पशुवैद्यकाला विचारून, ठरलेले दिवसच.

गावात तक्रार गेलीच तर ‘आमच्याकडे माश्या नाहीत’ असं म्हणू नका. सरपंचाला शेडखाली घेऊन जा आणि काय केलंय ते दाखवा.

खालचं खत कधी काढायचं?

पिंजऱ्यांखाली ६ ते ८ फूट उंच मोकळी जागा असेल तर वर्षातून एक-दोनदा पुरे. हिवाळ्यात किंवा मार्च-एप्रिलमध्ये, पावसाच्या तोंडावर नको. सगळं एकदम खरवडून काढू नका, खाली चार-सहा इंचांचा कोरडा थर राहू द्या, नवी विष्ठा त्यावर लवकर सुकते. जमल्यास एक आड एक रांग काढा. मचाण दोन-तीन फुटांचंच असेल तर मात्र आठवड्याला ओढून काढावं लागतं, तिथे ढीग सुकायला हवा खेळत नाही.

एक लेअर दिवसाला १०० ग्रॅमच्या आसपास ताजी विष्ठा टाकते, म्हणजे १,००० पक्ष्यांमागे रोज क्विंटलभर. सुकल्यावर वजन बरंच उतरतं. द्राक्ष आणि ऊसवाले हे खत आवडीने नेतात, पण ताजं थेट बुंध्याशी घातलं तर मुळं जळतात. दोन-तीन महिने कुजवून विका, भावही बरा येतो.

विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात जाळीवरच्या कोंबड्या टिकतात का?

इथे जाळीचा एक फायदा आहे: खालूनही वारा लागतो, आणि कुजणाऱ्या गादीची उष्णता नसते. तोटा असा की पिंजऱ्यातली कोंबडी सावलीची किंवा गार जागा स्वतः शोधू शकत नाही. वरच्या मजल्यावरच्या आधी मरतात, पत्रा त्यांच्याच डोक्यावर असतो.

पत्र्याला बाहेरून चुना, वर पाचट किंवा गवत आणि त्यावर स्प्रिंकलर. शेडची लांबी पूर्व-पश्चिम. पाण्याची टाकी आणि पाइप सावलीत हवेत. दुपारी निपलमधून हाताला चटका बसेल असं पाणी येत असेल तर कोंबडी ते पीत नाही, लाइन मोकळी सोडून गरम पाणी काढून टाका. खाद्य पहाटे आणि संध्याकाळी. दुपारी १२ ते ४ मध्ये शेडमध्ये शिरून पक्ष्यांना उठवू नका.

फॉगर (पाण्याचे बारीक तुषार सोडणारं साधन) कोरड्या हवेत चांगला उपयोगी पडतो, पण थेंब मोठे असतील तर खालचे ढीग भिजतात आणि जूनमध्ये माश्या हजर. कोकणात फॉगरचा खर्च करू नका. हवेतच बाष्प भरलेलं असताना त्याने गारवा येत नाही, तिथे पंखे लावा.

चांगली अंडी देणारी कोंबडी अचानक बसून राहते, पाय हलत नाहीत. लकवा का?

आधी मरेक्स आणि राणीखेत नाही ना, हे पशुवैद्यकाकडून बघून घ्या. मरेक्समध्ये बऱ्याचदा एक पाय पुढे आणि एक मागे ताणलेला दिसतो. तसं नसेल, डोळे तरतरीत असतील आणि कोंबडी खायला मागत असेल, तर तो पिंजऱ्यातला थकवा असण्याची शक्यता मोठी. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं. खाद्यातून ते पुरलं नाही की कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. त्यात पिंजऱ्यात हालचाल नाही, म्हणून हाडं आधीच कमजोर असतात.

तिला पिंजऱ्यातून काढून खाली तुसावर ठेवा, खाद्य-पाणी तोंडाशी द्या, वर शिंपल्याचा चुरा. बऱ्याचशा काही दिवसांत उठतात. पिंजऱ्यातच ठेवली तर बाकीच्या तुडवतात आणि तहानेने मरते. अशा पक्ष्यांसाठी शेडच्या कडेला छोटा गादीचा कप्पा ठेवाच. हो, गादी नसलेल्या फार्मवर एक गादीचा कप्पा.

कळपात अशा बऱ्याच निघाल्या तर खाद्य तपासा. अंड्यावरच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के हवं, आणि त्यातला काही भाग जाडसर चुनखडी किंवा शिंपल्याचा असावा, तो दुपारनंतर द्यावा. कवच रात्री तयार होतं, जाडे कण तोवर पोटात टिकतात.

अंडी तडकतात.

जाळीचा उतार सात-आठ अंशांपेक्षा जास्त असेल तर अंडं वेगात घरंगळून समोरच्यावर आपटतं, कमी असेल तर आत राहून तुडवलं जातं. दिवसातून दोन-तीनदा वेचा. एप्रिल-मेमध्ये कवचच पातळ होतं, कारण धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड जातो आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. तेव्हा उतार बघत बसू नका, शेड गार करा.

उवा आणि गोचीड?

धूळ अंगावर घेता येत नाही म्हणून पिंजऱ्यात उवा वाढतात. शेपटीखालची पिसं फुंकर मारून बघत जा. गोचीड दिवसा लाकडाच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात, त्यामुळे पक्ष्याच्या अंगावर काहीच सापडत नाही आणि तुरा पांढरा पडत जातो. लाकडी मचाणावर बॅच गेल्यावर प्रत्येक सांध्यात औषध घाला, लोखंडी पिंजऱ्यावर फ्लेम गन फिरवा.

युरोपात पिंजरे बंद झाले. मग आपण आत्ता पैसे घालावेत का?

युरोपीय संघात साधे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद आहेत, स्वित्झर्लंडमध्ये त्याही आधी, १९९२ पासून. आजही युरोपीय संघात ज्या पिंजऱ्यांना परवानगी आहे त्यांत प्रत्येकीला ७५० चौरस सेंटिमीटर जागा, अंड्याचा कोपरा, बसायची काठी आणि उकरायला जागा द्यावी लागते. मोकळ्या शेडमध्ये तर जमिनीचा किमान एक तृतीयांश भाग गादीचा हवा, म्हणजे तूस परत आलंच. भारतात पिंजऱ्याला बंदी नाही, जागेचा नियम आहे. पण आज घेतलेला पिंजरा पंधरा-वीस वर्षं वापरायचा असतो. माझं मत असं की मापं नियमाच्या काठावर ठेवू नका, थोडी सैल घ्या.

परवानगी काय लागते?

ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, आणि ५,००० पक्ष्यांपेक्षा मोठा फार्म असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. बाकी कागदांसाठी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटा.

जुन्या गादीच्या शेडमध्ये पिंजरे बसवले तर?

बसतात, पण उंची बघा. कमी उंचीच्या शेडमध्ये तीन मजली पिंजरे घातले की वरची रांग पत्र्याला टेकते आणि खाली ढिगाला जागा राहत नाही. अशा वेळी दोनच मजले करा, खाली उताराची सिमेंटची नाली काढा आणि विष्ठा दोन दिवसांआड ओढा.

गच्चीवर दहा-बारा कोंबड्या ठेवायच्या आहेत.

जाळीच्या जमिनीचा छोटा पिंजरा चालेल, खाली सरकवता येणारा पत्र्याचा ट्रे लावा. ट्रेमध्ये मूठभर लाकडाचा भुसा टाका, ओल धरून ठेवतो आणि वास येत नाही. निम्म्या पिंजऱ्यात फळी टाकून बसायला कोरडी जागा करा. कोंबडा ठेवू नका, पहाटे चारला शेजारी जागे होतात.